डिझेलमध्ये हात मारणाऱ्याला खुलं पत्र

डिझेलमध्ये हात मारणाऱ्या माणसा,

पत्राच्या माथ्यावर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. तुझं नाव मला माहीत नाही. तू टँकरचा ड्रायव्हर आहेस, डेपोबाहेरच्या ढाब्यामागे पिंपं मांडून बसलेला शेठ आहेस, की पंपाच्या केबिनमध्ये अगरबत्ती लावून गल्ल्यावर बसणारा मालक, तेही ठाऊक नाही. पण तुझं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या गाडीचा डिझेल फिल्टर खोलला, तेव्हा ते काचेच्या बाटलीत उतरलं.

ते तुला सविस्तर सांगतो, कारण तू ते कधी पाहत नाहीस. माल खपवलास की तू मोकळा. पुढचं सगळं दुसऱ्याच्या दारात घडतं.

मालेगावहून नाशिकला निघालो होतो. मागच्या सीटवर आत्या होती, ॲन्जिओप्लास्टीनंतरच्या तपासणीला चाललेली. राहूड घाटाच्या चढाला गाडीचा पिकअप गेला. पाय पूर्ण दाबला तरी इंजिन वर चढेना, मग झटके सुरू झाले आणि पिवळा दिवा लागला. पाठीमागे कांद्याने भरलेले ट्रक हॉर्न मारत होते. उजव्या लेनमधून डावीकडे यायचं, तर त्यासाठीही गाडीत जोर असावा लागतो. तो उरला नव्हता. आत्याने पदर तोंडाशी धरला होता आणि ती काही बोलत नव्हती. तिच्या छातीत त्या दहा मिनिटांत काय चाललं असेल, त्याची किंमत तुझ्या लिटरच्या हिशेबात कुठे धरली आहेस?

रखडत चांदवड गाठलं. गॅरेजच्या मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "डिझेल कुठं भरलं होतं?" या माणसाचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हता, तुझ्याबद्दल होता. महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांना तू इतका पाठ झाला आहेस.

फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला बसवलेला असतो, काळा, मुठीएवढ्या जाडीचा डबा. मिस्त्रीने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, फिल्टरभोवतीची धूळ ब्रशने झाडली, पाइपांचे क्लिप दाबून ते उपसले आणि उघड्या तोंडांवर लगेच बुचं लावली, धुळीचा कणही आत जाऊ नये म्हणून. मग त्याने खालचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटली धरली. बाटलीत आलेलं आधी नुसतंच गढूळ दिसलं. टपरीवरचा चहा होईपर्यंत ते निवळलं. वर मळकट पिवळं डिझेल, खाली पाणी आणि दोहोंच्या मधोमध काळपट, बुळबुळीत पापुद्रा. बाटली तिरपी केली की तो पापुद्रा काचेला धरून सरकत होता. नंतर मिस्त्रीने जुना फिल्टर हॅकसॉने कापून आतला कागद उलगडून दाखवला. नवा असताना फिकट पिवळ्या घड्यांचा असणारा तो कागद डांबर फासल्यासारखा झाला होता. फिल्टरचं अर्धं आयुष्यही झालं नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "नोझल वाचले म्हणा."

तो असं का म्हणाला, हे तू समजून घेच. माझ्या गाडीत १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत किती तरी छोट्या गाड्यांना त्याने चालवलं आणि ते आपल्या रांजणगावातही बनलं. अशा कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून जास्त दाबाने इंजेक्टरच्या छिद्रांतून फवारलं जातं आणि ती छिद्रं माणसाच्या केसाहून फार मोठी नसतात. त्यांच्या रक्षणाला उभा असतो तो हा कागदाचा फिल्टर. काही मायक्रॉनचा कणही तो अडवतो. डिझेलपेक्षा जड असलेलं पाणी त्याच्या तळाशी साठतं. तळ भरला, घड्या बुजल्या, की डिझेल पुढे जात नाही आणि घाटात गाडी बसते. गाडी बसवून फिल्टरने इंजिन वाचवलं. हजाराच्या आसपास किमतीच्या त्या डब्याने आपलं काम चोख केलं. त्या साखळीत स्वतःचं काम इमानाने करणाऱ्यांत तू नाहीस.

तू म्हणशील, पाणी पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत झिरपतं, हवेतल्या दमटपणानेही साठतं, त्याला मी काय करू? झिरपतं, खरं आहे. म्हणूनच पंपावर डिपस्टिकला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून टाकीचा तळ तपासायचा असतो. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. या कामाला मिनिटंही लागत नाहीत. पाणी असल्याचं कळूनही नोझल चालू ठेवलास, तर तो निसर्गाचा दोष राहत नाही. आणि तो काळा पापुद्रा एका दिवसात तयार होत नाही. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे सूक्ष्मजीव वाढतात, डिझेलवरच पोसतात आणि ही बुळबुळ तयार करतात. म्हणजे तुझ्या टाकीच्या तळाला पाणी दिवसचे दिवस पडून होतं आणि तुला ते चालत होतं.

हा झाला गुन्ह्याचा निम्मा भाग, फिल्टरला सापडलेला. उरलेला निम्मा फिल्टरलाही सापडत नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे.

रॉकेल किंवा सॉल्व्हंट डिझेलमध्ये पूर्ण विरघळतं. कागद ते अडवू शकत नाही, सेपरेटर वेगळं करू शकत नाही. तुझा हिशेब पक्का आहे, हे मी मान्य करतो. पंपावर डिझेलची घनता तपासतात. चलनावर लिहिलेल्या घनतेपेक्षा ती घनमीटरला ३ किलोहून जास्त हलली तर माल संशयास्पद. समजा, डिझेल ८३० आहे आणि तुझं रॉकेल ८००. नऊ भाग डिझेलमध्ये एक भाग रॉकेल घाल, घनता येते ८२७. बरोबर ३ चा फरक. हायड्रोमीटर गप्प. १२,००० लिटरच्या टँकरमागे १,२०० लिटर डिझेल तुझ्या पिंपात. एवढं गणित येणारा माणूस सरळ धंदा करून पोट भरू शकत नाही, यावर माझा विश्वास नाही. तुला तो करायचा नाही.

आता त्या १,२०० लिटरांच्या जागी गेलेलं रॉकेल पुढे काय करतं ते ऐक. इंजिनात डिझेलला तो दाब देणाऱ्या हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं. त्याच्यातून वाहणारं डिझेलच त्याचं वंगण. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आणलं गेलं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून तो टिकवायला वेगळं द्रव्य मिसळावं लागतं. इतक्या बेताच्या वंगणावर चालणाऱ्या पंपात तू पातळ रॉकेल घालतोस. पंपाचं धातूवर धातू घासतं, त्याचा बारीक चुरा सुटतो आणि रेलमधून इंजेक्टरमध्ये जातो. फिल्टर पंपाच्या आधी बसलेला असतो. हा चुरा पंपाच्या पुढे तयार होतो, त्याला अडवायला कोणी नाही. मग फिल्टर बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, टाकी, सगळं उतरवावं लागतं आणि जुन्या छोट्या गाडीच्या मालकाला गाडी भंगारात घालणं स्वस्त वाटू लागतं.

ही झीज होईपर्यंत किती तरी टाक्या भरून झालेल्या असतात, डझनभर पेट्रोलपंप पालटून झालेले असतात. त्या उशिरावरच तुझा सगळा धंदा उभा आहे. गाडी बंद पडते तेव्हा तू आसपास कुठेच नसतोस. मालक मिस्त्रीवर संशय घेतो, की याने डुप्लिकेट पार्ट टाकला. मिस्त्री ड्रायव्हरला बोलतो, की टाकी रिकामी होईपर्यंत चालवतोस म्हणून गाळ उचलला. ड्रायव्हर कंपनीला शिव्या घालतो. वॉरंटीत गाडी नेली तर इंधन खराब म्हणून दावा नाकारला जातो, आणि इंधन खराब होतं हे सिद्ध करायला माणसाकडे काही नसतं. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला निदान दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभं राहावं लागतं. तुला तेवढीही लाज वाटून घ्यायची वेळ येत नाही.

त्या चांदवडच्या गॅरेजमध्येच एक छोटा टेम्पो उभा होता, दारावर द्राक्षाच्या क्रेटचे ओरखडे. त्याचे इंजेक्टर काढून फडक्यावर ओळीने मांडले होते. मालक पोरगा शेजारी दगडावर बसून फायनान्सवाल्याला फोनवर सांगत होता, "या महिन्याचा हप्ता थोडा पुढं ढकला." मी गाडी रस्त्याला लावून घरी गेलो असतो तरी माझं पोट अडलं नसतं. त्याचं अडलं होतं. आणि त्याला अजूनही वाटत होतं, की आपणच चढावर गाडी जास्त रेटली.

मी ज्या रस्त्यावर अडकलो, त्या भागात तुझ्या धंद्याचा इतिहास लोकांना तोंडपाठ आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ, पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात, टँकरमधून चालणारी चोरी आणि भेसळ हटकली. त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, डेपोंच्या आसपास छापे पडले. त्याआधी १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना गोळ्या घातल्या. भेसळीबद्दल पंपावर कारवाई केली, एवढाच त्यांचा अपराध. मारेकऱ्यांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली. दोघेही नोकरीचं काम करत होते.

तू स्वतः कोणाला मारलं नसशील. बायकोपोरांत चांगला वागत असशील, गणपतीला वर्गणी देत असशील. पण तू ज्या पिंपातून कमावतोस ते या दोघांच्या जिवापेक्षा ज्यांना मोलाचं वाटलं, त्यांचाच धंदा तू चालवतो आहेस. लहान प्रमाणात करतोस म्हणून तो वेगळा होत नाही. आणि तुझं डिझेल कोणाच्या टाकीत जाईल हे तुझ्या हातात नसतं. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या १०८ च्या रुग्णवाहिकेत जाईल, रत्नागिरीहून खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमाराच्या बोटीत जाईल. बोटीचं इंजिन वाऱ्यात बंद पडलं तर तिथे चांदवड नसतं.

रॉकेलवरची सबसिडी गेली, रेशनचं निळं रॉकेल दुर्मिळ झालं, म्हणून हे सगळं संपलं असं सांगणारे भेटतात. तू संपला नाहीस, माल बदललास. कधी सॉल्व्हंट, कधी बायोडिझेलच्या नावाखाली विकलं जाणारं कसलंही तेल. आणि काहीच मिसळायला मिळालं नाही, तर टाकीच्या तळाचं पाणी आहेच.

राहिला कायदा. इंधनातल्या गैरप्रकारांबद्दल केंद्राचा २००५ चा आदेश आहे, तो जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली येतो आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझी काचेची बाटली कोर्टात उभी राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. कायद्याचा नमुना अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, सीलबंद ॲल्युमिनियमच्या डब्यात. पण टँकर रिता करताना घेतलेला नमुनाही पंपाने जपून ठेवायचा असतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासले, की भेसळ टँकरमध्ये झाली की पंपावर, हे कळू शकतं.

म्हणून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत मी लेखी अर्ज दिला आहे. पंपाची पावती, तारीख, वेळ, मिस्त्रीचा सही-शिक्क्याचा दाखला, कापलेल्या फिल्टरचे आणि बाटलीचे फोटो, सगळं जोडलं आहे. पंपाच्या टाकीतला आणि राखून ठेवलेला, असे दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, अशी मागणी केली आहे. एक प्रत तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला गेली. त्या टेम्पोवाल्या पोराच्या पावत्याही त्याने ग्लोव्ह बॉक्समधून शोधून काढल्या. त्यातल्या दोन त्याच पंपाच्या निघाल्या. त्याचा अर्ज मी लिहून दिला, सही त्याने केली. आता पंपावर गेलो की मी फलकावरची आजची घनता वाचतो आणि समोर हायड्रोमीटर लावून दाखवा म्हणतो. तो ग्राहकाचा हक्क आहे. रांगेतले लोक आधी वैतागतात, मग खाली उतरून बघायला येतात. तुझ्या दहा टक्क्यांचं गणित मी त्यांना तिथेच सांगतो आणि पावती सांभाळायला सांगतो.

पुरवठा शाखेने अर्जावर पोच दिली आहे. पुढच्या सोमवारी मी आणि तो पोरगा चौकशीला जाणार आहोत. नमुने घेतले नसतील, तर पुढचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने तयार आहे.

तुझ्या डिझेलवर गाडी चालवलेला,
एक ग्राहक