तांब्याचा मुलामा

विट्याचा माणूस देशात कुठेही भेटतो, आणि बहुतेक वेळा तो गलाईचं दुकान मांडून बसलेला असतो. खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला शिकली आणि दूरदूरच्या सराफ बाजारांत पोचली. दागिन्यात खरं किती नि भेसळ किती, हे सांगणं हाच त्यांचा धंदा. अशा माणसाच्या गावाकडच्या नव्या घरात नेटची वायर ओढली जाते, तेव्हा त्या वायरीला ब्लेड लावून बघायचं कुणाला सुचत नाही. मला याचा राग येतो.

कारण कॅट सिक्सच्या नावाखाली मिळणारी स्वस्त वायर पुष्कळदा तांब्याची नसते. आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. दुकानात तिला ‘सीसीए’ म्हणतात. आपल्या भाषेत मुलामा. खोक्यावर कॅट सिक्स छापलेलं असतं, आत आठ तारा, चार जोड्या, केशरी-हिरवी-निळी-तपकिरी, सगळं जागच्या जागी. पण कॅट फाइव्ह-ई आणि कॅट सिक्स ही नावं ज्या मानकांची आहेत, ती मानकं तांब्याचीच तार मागतात. मुलाम्याच्या वायरीवर ते नाव छापणं ही फसवणूक आहे. मी तिला दुसरा शब्द वापरणार नाही.

फरक काय पडतो? सांगलीत विश्रामबागला माझ्या बहिणीच्या घराचे कॅमेरे दिवसभर चालायचे आणि अंधार पडला की बंद व्हायचे. वायरमनने कॅमेरा बदलला, मग स्विच बदलला. दोष दोन्हींत नव्हता, मुलाम्याच्या वायरीत होता. हे कॅमेरे त्याच वायरीतून वीज घेतात. रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते. चांगल्या तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरला ९.३८ ओमच्या आत असावा लागतो. मुलाम्याच्या तारेचा साधारण दीडपट भरतो. वीज वाटेतच खर्ची पडते, वायर तापते आणि टोकाला कॅमेरा उपाशी राहतो. शेवटी भिंतीचं नवं प्लॅस्टर फोडावं लागलं. वायरीत वाचवलेले पैसे गवंड्याच्या पहिल्या दिवसाच्या मजुरीतच गेले.

अ‍ॅल्युमिनियम तांब्याहून कमकुवतही असतं. वळणावर, क्रिंप केलेल्या टोकाशी एखादी तार तुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभर एमबीपीएसला दोन पुरतात. त्यामुळे एक जोडी गेली तरी नेट पूर्ण बंद पडेलच असं नाही. ते शंभरवर उतरून चालत राहतं. महिन्याला तीनशे एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरणारा माणूस कंपनीला फोन करत राहतो आणि दुखणं त्याच्याच भिंतीत असतं.

तारेची पारख बघायची तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा. शिकलगारांनी शस्त्रं सोडून तंतुवाद्यं हाती घेतली, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पोलादी तार कुठे, पितळी कुठे आणि किती जाडीची, हे ठरल्याशिवाय वाद्य पुढे सरकत नाही. नेटच्या तारेलाही जाडीचा नंबर असतो. कॅट सिक्सला बहुधा २३ गेज, कॅट फाइव्ह-ईला २४. आकडा वाढला की तार बारीक. भिंतीत ओढायला २६ किंवा २८ गेजची वायर कुणी आणली, तर ती परत पाठवा. टेबलावरच्या छोट्या जोडवायरीत बारीक, अनेक पदरी तार चालते. भिंतीत भरीव तारच हवी.

आता उलटी फसवणूक. दोन बेडरूमच्या घराला कॅट एट विकणारेही आहेत. कॅट एट तीस मीटरपर्यंतच्या चाळीस गिगाबिटसाठी, म्हणजे डेटा सेंटरच्या कपाटांसाठी आहे. साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये तिचं काम नाही. अस्सल तांब्याची कॅट फाइव्ह-ई शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, आणि बहुतेक घरांचा प्लॅन त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. नवं घर बांधत असाल तर कॅट सिक्स घाला. पंचावन्न मीटरपर्यंत ती दहा गिगाबिटही झेपवते, आणि प्लॅस्टर काही दर पाच वर्षांनी फोडता येत नाही. पण मुलाम्याची कॅट सिक्स आणि खऱ्या तांब्याची कॅट फाइव्ह-ई समोर असेल, तर डोळे मिटून दुसरी घ्या.

आणि जागा बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जतला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरी दोन्हीकडच्या गच्चीवरून तीच घरातली राखाडी पीव्हीसी वायर लोंबताना दिसते. जतला ऊन तिचं आवरण तडकवतं, महाबळेश्वरला तशाच तड्यांतून पाणी आत शिरतं. बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची वायर असते, ओलीसाठी आत जेल भरलेली. तीच मागा. बंगल्यापासून गोठ्यापर्यंत, शाळेच्या एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल, तर तांबंच नको, फायबर टाका. वळवाची वीज तांब्यावरून चालत येते आणि दोन्ही टोकांची यंत्रं जाळते. काचेच्या धाग्यातून ती येत नाही. सांगलीच्या नदीकाठच्या लोकांना आणखी एक विनंती: २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. राउटर आणि स्विच तळमजल्याच्या जिन्याखाली ठेवू नका.

वायरमनला दोन गोष्टी बजावा. नेटची वायर लाइटच्या पाइपातून न्यायची नाही. आणि टोकाला जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उघडायचा नाही. बाहेरचा गोंगाट तो पीळच मारतो. ग्रॅहम बेलने १८८१मध्ये या पिळाचं पेटंट घेतलं, आणि आजही आपलं नेट त्याच पिळावर चालतं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. खोकं हातात घेऊन वजन बघा. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, म्हणून ३०५ मीटरचं मुलाम्याचं बंडल हाताला हलकं लागतं. मग वीतभर तुकडा कापायला सांगा. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत लाल निघालं तर तांबं, पांढरं चमकलं तर उठून पुढच्या दुकानात जा. दुकानदार तुकडा कापू देत नसेल, तरीही पुढच्या दुकानात जा. आणि बिलावर ‘शुद्ध तांबं’ हे दोन शब्द लिहून घ्या. विट्यात तर मी म्हणेन, तो तुकडा खिशात घालून शेजारच्या गलाईवाल्या काकांकडेच न्या. त्यांना ब्लेडही लागणार नाही.