केशकर्तनालयीन ताबामीमांसा

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपली परिपाटी आहे. प्रस्तुत शास्त्राचा अधिकारी तो, ज्याच्या गळ्याभोवती कापड आवळले गेले आहे आणि ज्याच्या मस्तकाची एक बाजू कातरून झाली असून दुसरी व्हायची आहे. अशा अवस्थेतील पुरुष सभात्याग करू शकत नाही. सबब त्याच्या मतांस स्थैर्य असते. विषय म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयात शनिवारी चालणारा मित्रांचा संवाद. संबंध हा येथे अनुबंधही आहे आणि संवादाचा मुख्य विषयही. ही द्विरुक्ती पूर्वसूरींनी क्षमा करावी. प्रयोजन अद्याप आढळलेले नाही.

निरीक्षणस्थळ हडसन नदीच्या पश्चिमेस, जर्सी सिटीत आहे. तेथे लेखकाचा भाचा नोकरीनिमित्त राहतो व दर पंधरवड्यास केस कापवून घेतो. लेखकाच्या मस्तकावर कर्तनयोग्य द्रव्य गेली वीस वर्षे नसल्याने प्रथम प्रवेशाधिकाराचाच प्रश्न उपस्थित झाला. तो असा सुटला : नंबर लावायचा, आणि तो येताच मागच्यास देऊन टाकायचा. या पद्धतीस आम्ही 'क्रमदान' म्हणतो. अकरा शनिवारांच्या क्रमदानाने जे पुण्य व जी सामग्री प्राप्त झाली, त्यांपैकी दुसरीचा विनियोग येथे केला आहे.

या क्षेत्रात मतभेद आसनानुसार होतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. खुर्ची-संप्रदायाचा अनुयायी आरशाकडे तोंड करून बसतो व प्रतिपक्ष्याच्या प्रतिबिंबाशी वाद घालतो. म्हणून प्रतिपक्ष मुळातच उलटा आहे, अशी त्याची धारणा असते. बाकडे-संप्रदायास घाई नसते. त्याचे युक्तिवाद दीर्घ असून तो १९८८पासून आरंभ करतो. तिसरा मध्यस्थ, म्हणजे स्वतः कातरणारा. त्याच्या हाती वस्तरा असून तो मानेच्या मागील बाजूस टेकलेला असेपर्यंत त्याचे वचन आप्तवाक्य होय. वस्तरा खाली ठेवताच ते केवळ मत.

संवादाचे पहिले अंग संबंधविचार. येथे परिभाषेच्या एका दोषाने संशोधन दोन आठवडे खोळंबले, त्याची नोंद प्रांजळपणे करणे आवश्यक आहे. तेथे 'बेबी मामा' ही संज्ञा वारंवार कानी पडे. लेखकाने ती स्वाभाविकपणे मातुलवाचक धरली. अमेरिकेत नात्याने मामा असलेल्या पुरुषाकडून मासिक खर्चाची इतकी अपेक्षा, त्याच्या नव्या मित्राविषयी इतकी असूया, त्याने दूरध्वनी न उचलल्याचा इतका विषाद, हे पाहून तेथील मातुलसंस्था आपल्याहून फार प्रगत असल्याचा निष्कर्ष टिपणवहीच्या पहिल्या खंडात नोंदला गेला. दुसऱ्या शनिवारी कोणी तरी "बेबी मामाशी बोलणं अशक्य आहे," असे म्हणताच लेखकाने, स्वतः मामा असल्याने, या विधानास विनम्र हरकत घेतली. तेव्हा भाचा हळू आवाजात म्हणाला, "मामा, बाळाची आई. लग्न न झालेली." पहिला खंड रद्द समजावा.

वयोवृद्ध मध्यस्थास मात्र ही संज्ञा दुकानात चालत नाही. 'मुलाची आई' म्हणावे, असा त्यांचा दंडक आहे. शब्दातील हेटाळणी मुलास आईच्या आधी कळते, हे त्यांचे कारण लेखकास मान्य आहे.

दुसरे अंग सहपालन. विभक्त मातापितरांनी एक अपत्य दोन घरी वाढवणे, ही त्याची स्थूल व्याख्या. शुक्रवार सायंकाळ ते रविवार सायंकाळ या अवधीस तेथे प्रमाणकाल मानतात. शनिवार हा त्याचा मध्यबिंदू, आणि मुलाचे केस कापण्याचा दिवसही तोच. यामुळेच हे शास्त्र अन्यत्र उदयास न येता केशकर्तनालयात आले. सहपालनातील शाळा, आजार, शिस्त इत्यादी प्रश्न गौण आहेत. प्रधान प्रश्न पादत्राणांचा. पित्याने नवे बूट घेतले, मूल ते घालून आईकडे गेले, आणि पुढल्या शुक्रवारी जुन्या बुटांत परतले, तर नव्या बुटांचे अधिष्ठान कोणते?

या प्रश्नावर तीन दर्शने आहेत. द्वैतवाद्यांच्या मते घरे दोन, सबब जोड दोन. हे दर्शन निर्दोष असून अत्यंत खर्चिक आहे. अद्वैतवादी जोड एकच मानतात : तोच सर्वत्र संचार करतो, घरभेद ही माया. तिसरे विशिष्टाद्वैत. त्यानुसार जोड तत्त्वतः एकच, परंतु त्याचे चांगले रूप पित्याच्या घरी राहते. अनुयायी सर्वाधिक याच दर्शनास आहेत, आणि ते उघडपणे प्रतिपादणारा मात्र एकही आढळला नाही.

आता तिसरे अंग, हिप-हॉप. वरवर पाहता पादत्राणांशी त्याचा संबंध नाही, असे वाटेल. इतिहास वेगळे सांगतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली आणि तबकड्या वाजवण्यास आपल्या भावास, म्हणजे डीजे कूल हर्क यास बसवले. हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून सर्व संप्रदाय हेच मानतात. पार्टीस प्रवेशशुल्क होते, कारण सिंडीस शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते. म्हणजे ज्या प्रश्नावरून जर्सी सिटीतील बाकड्यावर आज आवाज चढतो, त्याच प्रश्नाच्या निरसनार्थ ही कला प्रवृत्त झाली. हर्कने गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर पुनःपुन्हा वाजवून लांबवला, ही गोष्ट वेगळी.

हिप-हॉपविषयक चर्चेचे प्रकार गौतमाच्या न्यायसूत्रांत पूर्वीच सांगितलेले आहेत. तत्त्वनिर्णयार्थ तो वाद. जयार्थ तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता परपक्षाचे केवळ खंडन ती वितंडा. वर्तुळात उभे राहून आळीपाळीने म्हणतात तो सायफर, हा वाद. समोरासमोरची बॅटल हा जल्प. परनिंदेचे गाणे म्हणजे डिस, ही वितंडा. मुंबईत कुर्ला, धारावी आदी क्षेत्रांत या परंपरेच्या शाखा आहेत. तेथे वाद आणि जल्प यांची सीमा पोलिसांची गाडी येताच मिटते.

सर्वश्रेष्ठ पाच रॅपर्सची यादी करणे, हा विधी या अंगाचा गाभा आहे. आम्ही त्यास 'पंचायतन' म्हणतो. पंचायतनात एक स्थान दिवंगतास आरक्षित असते. तुपाक शकूर १९९६मध्ये व नोटोरियस बी. आय. जी. १९९७मध्ये, अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने गोळीबारात गेले, त्यामुळे या एका स्थानास दोन दावेदार असून कलह चिरंतन आहे. दुसरे स्थान वक्त्याच्या स्वतःच्या गावास. न्यू जर्सीत ते बहुधा नुअर्कच्या रेडमनला मिळते. उरलेल्या तीन स्थानांवर वस्तरा कोणाच्या मानेवर आहे, यावरून निर्णय होतो.

वितंडेचा अंत कसा होतो, या प्रश्नात या शास्त्राचे मौलिक योगदान आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे नैयायिकांनी मानली. हिप-हॉपमध्ये पाचवे आढळते, ते मातृप्रमाण. २००१ साली जे-झी व नास या रॅपर्सची वितंडा टोकास गेली. जे-झीने एका गाण्यात नासच्या मुलीच्या आईस ओढले. श्रोत्यांनी कोण जिंकले याची चर्चा आरंभली असता जे-झीच्या मातोश्री ग्लोरिया कार्टर यांनी मुलास मर्यादा ओलांडल्याचे कळवले, आणि त्याने रेडिओवर क्षमा मागितली. प्रतिपक्षी हतबल झाला नव्हता. तर्क संपला नव्हता. आई बोलली होती.

त्याच्या आदल्या वर्षी आउटकास्ट या द्वयीने 'मिस जॅक्सन' प्रसिद्ध केले. द्वयीतील आंद्रे ३००० व गायिका एरिका बडू यांना एक मुलगा. दोघे विभक्त झालेले. या गीतात क्षमायाचना आहे, परंतु ती बडूस उद्देशून नाही. ती तिच्या आईस, म्हणजे मुलाच्या आजीस आहे. लेखकाच्या मते सहपालनाच्या वाङ्मयात एवढे व्यवहारचतुर संबोधन दुसरे नाही. ज्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि दोन्ही पालक कामावर असतात, त्या दिवशी ताबा कोणाकडे असतो, हे आंद्रेने जाणले होते. २००१मध्ये हे गीत बिलबोर्डच्या सूचीत प्रथम स्थानी पोचले.

चौथे अंग संगीतव्यवसाय. येथे 'फेड' ही संज्ञा द्व्यर्थी आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. खुर्चीवरील फेड म्हणजे कानाजवळून वर जाताना केस क्रमशः दाट होत जाण्याची रचना. करारातील फेड म्हणजे कंपनीने दिलेल्या आगाऊ रकमेची परतफेड. कलावंतास आगाऊ रक्कम मिळते. ती, ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि बहुधा चित्रफितीच्या खर्चाचा भाग त्याच्याच स्वामित्वधनातून वळता होतो. स्वामित्वधनाचा दर अल्प, म्हणून गाणे गाजले तरी खाते उणेच राहते. टीएलसी या त्रयीने एका अल्बमच्या एक कोटी प्रती विकल्यानंतर आपण कफल्लक असल्याचे १९९६च्या ग्रॅमी सोहळ्यात पत्रकारांस सांगितले, आणि दिवाळखोरीचा अर्ज तर त्यांनी १९९५मध्येच केला होता. पहिल्या फेडीत वर जाता जाता दाट होते. दुसऱ्या फेडीत विरळ.

ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या समूहाने १९९१च्या एका गीतात या व्यवसायाचा नियम क्रमांक ४०८० सांगितला आहे. त्याचा आशय कंपन्यांस गौरवास्पद नाही. मात्र ४०८०व्या नियमाच्या अस्तित्वातून त्यापूर्वीचे ४०७९ नियम अनुमेय ठरतात, आणि त्यांपैकी एकही छापील स्वरूपात उपलब्ध नाही. बाकडे-संप्रदायाच्या मते ते सर्व करारातच असतात, बारीक अक्षरांत.

आता मुख्य सिद्धान्त. गाण्यास दोन हक्क असतात : एक रचनेचा, दुसरा मुद्रणाचा, ज्यास तेथे 'मास्टर्स' म्हणतात. म्हणजेच प्रत्येक गाणे दोन घरी वाढते. जेम्स ब्राउनचा ढोलवादक क्लाइड स्टबलफील्ड याने 'फंकी ड्रमर'मध्ये जो ताल वाजवला, तो पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत कापून लावला गेला. परंतु रचनाकार म्हणून त्याचे नाव नसल्याने त्या वापराचे स्वामित्वधन त्यास मिळाले नाही. मूल त्याच्यासारखे दिसते, चालते. शाळेच्या दाखल्यावर नाव दुसऱ्याचे. १९९१मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध न्यायालयाने विनापरवाना तुकडा वापरल्याबद्दल निर्णय दिला, तेव्हा १९९३च्या अल्बमचे नावच त्याने असे ठेवले की त्यातील सर्व तुकड्यांची परवानगी घेतली आहे हे कव्हरवरूनच कळावे. सहपालनात यास 'लेखी निरोप' म्हणतात.

इंग्रजीत मुलाच्या ताब्यासाठी एक शब्द आणि मुद्रणाच्या ताब्यासाठी दुसरा. त्यामुळे तेथील मित्रांस एकच चर्चा दोनदा करावी लागते. मराठीस ही अडचण नाही. आपल्या न्यायालयांत मुलाचाही ताबा असतो आणि खोलीचाही. 'जी गोष्ट आपण घडवली ती कोणत्या वारी आपल्याकडे येईल, हे दुसऱ्यास विचारावे लागणे', ही ताब्याची प्रस्तुत शास्त्राने केलेली व्याख्या असून तिच्यात अव्याप्ती वा अतिव्याप्ती आढळत नाही.

दृष्टान्त दूर शोधावा लागत नाही. न्यू जर्सीच्याच लॉरिन हिल यांचा १९९८चा अल्बम ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम ठरला; असा मान मिळवणारा तो पहिला हिप-हॉप अल्बम. त्यात तुटलेल्या प्रेमाची गाणी आहेत, पहिल्या मुलावरचे गाणे आहे, आणि रचनेचे श्रेय आपल्यासही हवे म्हणून चार सहकाऱ्यांनी केलेला दावाही त्याच अल्बमवर आहे. तो २००१मध्ये आपसात मिटला. संबंध, अपत्य, ताबा. त्यानंतर त्यांनी दुसरा स्टुडिओ अल्बम काढलेला नाही. बाकड्यावर यास संन्यास म्हणतात, खुर्चीवर हट्ट. वस्तरा त्या क्षणी कोणाच्याच मानेवर नव्हता, म्हणून निर्णय झाला नाही.

अकराव्या शनिवारी खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून एक सहा वर्षांचा मुलगा बसवलेला होता. त्याचा पिता बाकड्यावर, पंचायतनाच्या चौथ्या स्थानावर. पायांत नवे बूट. मुलाची आई ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी दारात आली. चौथे स्थान ऐकले, "लॉरिन कुठे आहे?" एवढेच विचारले, आणि चार वर्षे शनिवारी चाललेले पंचायतन तेथे बरखास्त झाले. मध्यस्थाने मुलाच्या मानेवरचे केस झटकले. मुलगा फळीवरून उतरला. बूट त्याच्या पायांतच होते. ते त्याच्याबरोबर गेले. विशिष्टाद्वैताच्या बाजूने कोणी काही बोलले नाही. मध्यस्थाने कापड झटकून पुढचा नंबर पुकारला. तो लेखकाचा होता, आणि मागे कोणी नव्हते.