साडेनऊकाका

तुमच्याही ओळखीत एक असणारच. सिनेमा संपतो, दिवे लागतात, आपण अजून नाक पुसत असतो आणि शेजारून आवाज येतो, "बाकी सगळं ठीक, पण..."

आमच्याकडच्या या 'पण'ला आम्ही साडेनऊकाका म्हणतो. उभा जन्म त्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं. पैकीच्या पैकी मार्क दिले की पोरं शेफारतात, या तत्त्वापायी भलेभले हुशार त्यांच्या हातून रडत घरी गेले. निवृत्त झाल्यावर तपासायला पोरं उरली नाहीत, तेव्हा काकांनी सिनेमे घेतले. निर्दोष सिनेमा आजवर झालेला नाही आणि होणार नाही. फार तर दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कुठे गेला, हे ते समासात लाल शाईने लिहावं तसं सांगतात.

'बायसिकल थीव्ह्ज' त्यांनी एका फिल्म सोसायटीत पाहिला. डी सिकाचा, 1948चा. 'साइट अँड साउंड' मासिकाने 1952 साली समीक्षकांना विचारून उत्तम सिनेमांची यादी केली, तेव्हा पहिला नंबर याचाच होता. बाप आणि पोरगा चोरीला गेलेली सायकल रोमभर शोधत हिंडतात. हॉलमध्ये हुंदके. काका बाहेर आले ते हेच विचारत, "कुलूप का नाही लावलं?"

"अहो काका, तो गरीब माणूस..."

"गरिबाने तर आधी लावावं! शिडीवर चढून पोस्टर चिकटवतोय आणि सायकल खाली उघडी. अर्धा मार्क गेला."

1962च्या यादीत पहिली जागा 'सिटिझन केन'ने घेतली, हे मी त्यांना सांगायला नको होतं. "बघ," ते खुलून म्हणाले, "दहा वर्षांनी का होईना, कुलूप ध्यानात आलं त्यांच्या."

मराठीलाही सवलत नाही. 'अशी ही बनवाबनवी' पाहताना हा माणूस खुर्चीवरून पडायच्या बेतात असतो, पण निकाल साडेनऊच. घरमालकाच्या सत्तर रुपयांचा हिशेब शेवटपर्यंत लागत नाही म्हणून. 'सिंहासन'मधले मंत्री सुरू केलेलं वाक्य पूर्ण करतात. अवास्तव, अर्धा मार्क. 'कोर्ट'च्या शेवटी न्यायाधीश बागेत झोपलेले दिसतात. काकांचाही डोळा लागला होता, आणि त्याची जबाबदारी त्यांनी दिग्दर्शकावर टाकली. 'श्यामची आई'चं प्रकरण तर फारच गुंतागुंतीचं. "शेवटची रिळं धूसर आहेत," असं ते ठामपणे सांगतात. काकू आतून ओरडल्या, "धूसर कसली? चष्मा काढून रडत होते!" काकूंना लग्नाआधी दाखवायच्या कार्यक्रमात किती मार्क मिळाले होते, हे आम्ही विचारत नाही. त्या आपणहून सांगतात.

माझ्यापुरता निर्दोषाच्या सगळ्यात जवळ जाणारा सिनेमा म्हणजे दामले-फत्तेलालांचा 1936चा 'संत तुकाराम'. पागनीसांचा तुकोबा बघताना हा नट आहे हे विसरायला होतं, आणि गौरीची जिजाई तर साक्षात विठोबावर वहाण उगारते. भक्ती आणि भाकरी यांचं भांडण एवढ्या प्रेमाने पडद्यावर क्वचितच कुणी मांडलं असेल. हे सगळं मी काकांना तावातावाने ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "बायकोला मागे ठेवून विमानात बसला. अर्धा मार्क." या एका निकालावर मात्र काकू त्यांच्या बाजूने होत्या.

असा माणूस टाळावासा वाटतो. मी टाळतोही. पण हल्ली शुक्रवारी पहिला खेळ सुटायच्या आत चार जणांचे 'मास्टरपीस' मोबाइलवर येऊन पडतात. त्यातल्या दोघांनी मध्यंतरानंतरचा भाग पॉपकॉर्नच्या रांगेत ऐकलेला असतो. पाचपैकी पाच तारे वाटायला काही बघावं लागत नाही. अर्धा मार्क कापायला अख्खा सिनेमा बघावा लागतो. म्हाताऱ्याचा रात्री अकराला फोन आला की मी कपाळाला हात लावतो, आणि उचलतो.

परवा सहज विचारलं, "काका, 'सामना'ला किती?"

तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, 1975चा. डॉ. लागूंचा मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावाला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? काका बराच वेळ बोलले नाहीत. मग कळलं की 'सामना' त्यांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला. नोकरीची सुरुवात, शेजारी तालुक्यातले दोन मास्तरमित्र. ऐन शेवटाला जनरेटर बंद पडला. लोकांनी थोडा वेळ शिट्ट्या मारल्या आणि गाड्या जुंपल्या. हे तिघे मात्र रात्रभर कालव्याच्या कठड्यावर बसून शेवट रचत राहिले. प्रत्येकाचा वेगळा.

त्या दोघांपैकी आता कुणी नाही.

"मोबाइलवर मिळतो की काका. आत्ता लावतो, शेवटची पंधरा मिनिटं."

"खबरदार!"

"निदान सांगू तरी? कांबळेला..."

काकांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्याने तेराचा पाढा म्हणायला लागले. एकशे तीसला थांबले. मी गप्प आहे याची खात्री करून घेतली.

"मग मार्क किती लिहू?" मी विचारलं.

"लिहू नकोस," काका म्हणाले. "पेपर तपासायचाय अजून."