टेंपोचालक : व्याख्या आणि कर्तव्ये

'चालक' या शब्दाची व्याख्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात आहे. एक गाडी दुसरीला ओढून नेत असेल, तर ओढल्या जाणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग धरणाराही चालकच, एवढाच खुलासा ती करते. ओढणे, ओढले जाणे आणि तरीही स्टिअरिंग न सोडणे, असे सुरतेच्या कापडबाजारातील टेंपोचालकाचे वर्णन कायद्याने नकळत करून ठेवले आहे.

हा चालक मुख्यतः रिंग रोड, पांडेसरा आणि सचिन या पट्ट्यात आढळतो. लिंबायत, डिंडोली, उधना भागात राहणारे अनेकजण मूळचे खानदेशी आहेत. वाहन बहुधा २००५ साली बाजारात आलेला 'छोटा हत्ती'. त्याची क्षमता पाऊण टनाची. ती किती, हे मात्र कंपनी नव्हे, शेठ ठरवतात. सकाळी मिलमधला रंगवलेला माल बाजारात आणायचा, संध्याकाळी साड्यांची पार्सले ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायची, असा दिनक्रम असतो.

पहिले कर्तव्य भरणीचे. ते हमालाचे काम आहे. हमाल चहाला गेला असल्यास पार्सलाचे दुसरे टोक चालक धरतो. त्याला हमाली मिळत नाही, कारण तो हमाल नाही. दोरी आवळणे आणि ताडपत्री बांधणेही त्याच्याकडेच. पावसात माल कोरडा राहिला पाहिजे; चालक ओला झाल्यास बदलून द्यावा लागत नाही.

दुसरे कर्तव्य मोजणीचे. एक ताका कमी भरला, तर तो चालकाच्या हिशेबातून वळता होतो. एक जास्त भरला, तर ती मेहताजींची नजरचूक ठरते आणि ताका मुकाट्याने परत जातो.

तिसरे, कागदपत्रांचे. चलन, बिल्टी आणि पन्नास हजारांवरच्या मालाला २०१८ पासून ई-वे बिल. या बिलाच्या 'अ' भागात माल असतो, 'ब' भागात गाडीचा नंबर. चालकाच्या नावाला रकाना नाही. मात्र कागद तपासायला अधिकारी उभा राहिला, की जीएसटीच्या नियमांत चालकाला 'वाहनाचा प्रभारी' म्हटले जाते. त्याची ही एकमेव पदोन्नती. कागद अपुरा असेपर्यंत ती टिकते. जादा भाराचेही तसेच. वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड 'चालवणाऱ्याला किंवा चालवायला लावणाऱ्याला' होतो. चालवायला लावणारा त्या वेळी गादीवर असल्याने नाक्यावर पहिलाच सापडतो.

चौथे कर्तव्य दळणवळणाचे. सहारा दरवाजाच्या कोंडीत गाडी तसूभरही हलत नसताना चालक दुकानात सांगतो, "आवी गयो, शेठ", गोदामात सांगतो, "बस, पाँच मिनट", आणि घरी सांगतो, "ई राहिनू." तीन भाषांतल्या या तीन विधानांपैकी एकही खरे नसते आणि एकावरही कोणी विश्वास ठेवत नाही. तरीही फोन न उचलणे हा गंभीर गुन्हा आहे.

पाचवे, राजदूताचे. सिझन उतरला की विकला न गेलेला माल परत येतो. तो दुकानदाराला उतरवून घ्यायचा नसतो आणि ट्रान्सपोर्टवाल्याला ठेवून घ्यायचा नसतो. दोघे एकमेकांना जे बोलू शकत नाहीत, ते दोघेही चालकाला बोलतात. उधारीची चिठ्ठी पोहोचवणे आणि "शेठ बाहेर गेले आहेत" हा निरोप शेठांच्या देखत ऐकून परत नेणे, हेही याच खात्यात येते.

वेतन फेरीवर असते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले होते. पण ते पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला. एका टेंपोत एकच चालक बसतो. हमाल, मोजणीदार, कारकून, टपाली आणि राजदूत धरले तर संख्या सहा होते. परंतु कायदा माणसे मोजतो, कामे नाही.

फेरी चाके फिरू लागली की सुरू होते आणि थांबली की संपते. त्यामुळे गाडी चालवणे हे दिवसातले बसून करायचे आणि पैसे मिळणारे एकमेव काम ठरते. चालक त्यालाच विश्रांती म्हणतो.