कळंबकरांचा समुद्र

कळंबला समुद्रकिनारा आहे. शनिवार-रविवारी तिथे मुंबईकडची माणसं पोराबाळांसकट लोटतात. फक्त हे कळंब वसई तालुक्यातलं, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं. आमचं कळंब यवतमाळ जिल्ह्यातलं. आमच्याकडे चक्रावती नदी आहे आणि तिच्यात पाणी कधी असावं याचे तिचे स्वतःचे नियम आहेत. डोळे भरून पाणी पाहायचं तर बाभूळगावकडे बेंबळा धरणावर जावं लागतं. महाराष्ट्रात कळंबांची कमी नाही. धाराशिव जिल्ह्यात एक तालुक्याचं कळंब आहे, पुणे जिल्ह्यात आंबेगावकडे एक, इंदापूरकडे एक. त्यात समुद्र नेमका आमच्या वाट्याला येऊ नये, याचं आम्हाला वाईट वाटत नव्हतं. कारण तो कुठल्या तरी कळंबला आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते एका नातवाच्या मोबाइलमुळे कळलं. चिंतामणीच्या देवळाबाहेर संध्याकाळी आमचं मंडळ बसतं. त्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरभाऊ, बँकेतले कॅशियरसाहेब आणि मी. नातवाने फोन पुढे केला, ‘कळंब बीच’ दाखवला आणि कंडक्टरभाऊंनी आमच्या सगळ्यांच्या मनातलं विचारलं, “काऊन बाप्पा, आपल्या कळंबले समुद्र कवा आला?”

समुद्राचा विषय असा निघाला आणि मग हटेना. त्यातच कॅशियरसाहेबांच्या अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला. तिकडे अमेरिका-कॅनडातले निवृत्त लोक थंडी पडली की मेक्सिकोच्या समुद्रकाठी जाऊन महिनेच्या महिने राहतात, तुम्हीही काकूंना घेऊन या, प्वेर्तो वायार्ताला जाऊ, असं तो म्हणाला. त्या दिवसापासून कॅशियरसाहेब आमच्याकडे जरा वरून बघू लागले. १९६३ साली तिथे जॉन ह्यूस्टनच्या ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या सिनेमाचं शूटिंग झालं, नायक रिचर्ड बर्टनच्या मागोमाग एलिझाबेथ टेलर आली, तिच्या मागोमाग पत्रकार आले आणि ते लहानसं गाव जगभर गाजलं, ही हकीकत त्यांनी अशी सांगितली, की जणू टेलरबाईंचं खातं त्यांच्याच शाखेत होतं.

“कुठी आलं थे?” कंडक्टरभाऊंनी विचारलं.

गुरुजींनी काठीने मातीत आडवी रेघ ओढली. “आपल्याच रेघेवर. आपलं कळंब वीस आणि एकवीस अंश उत्तर अक्षांशांच्या मधात, तेही वीस आणि एकवीसच्या मधात. कळंबातून नाकासमोर पश्चिमेले निघालं की लागते.”

“मधात काय काय लागते?”

“अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा वाळवंट, अटलांटिक महासागर आणि मंग मेक्सिकोचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा सारा मुलूख.”

“म्हंजे थांबे कमी हायेत,” कंडक्टरभाऊ म्हणाले.

गुरुजी एकदा भूगोलात शिरले की तास संपल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यांनी पुढे सिद्ध केलं, की मेक्सिकोला जायची गरजच नाही, कारण मेक्सिको कधीचा आपल्या घरी येऊन बसला आहे. ज्या मिरचीच्या ठेच्यावर वऱ्हाडी माणसाचा पिंड पोसला ती मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांनी जहाजातून आणलेली. मका तिकडचा. चिकू तिकडचा. आणि ज्या पांढऱ्या सोन्यावर यवतमाळ जिल्हा तरतो नि बुडतो, तो आज शेताशेतात दिसणारा अमेरिकन जातीचा कापूससुद्धा मुळात मेक्सिकोच्याच बाजूचा. “आपल्या वावरात मेक्सिको उभा हाये,” गुरुजी म्हणाले, “आणि हे विमानानं जाऊन राह्यले त्याले पाहाले.”

शेवटचा घाव मात्र कॅशियरवहिनींनी घातला. फोनवर त्यांनी पुतण्याला एकच प्रश्न विचारला, रस्ते कसे आहेत? तो कौतुकाने म्हणाला, जुन्या गावात गोट्यांचे दगडी रस्ते आहेत, चढउताराचे, फार सुंदर. “मंग माझ्या गुडघ्याईचं काय?” वहिनी म्हणाल्या, आणि मेक्सिकोचा विषय संपला.

समुद्राचा संपला नाही. मग ठरलं गणपतीपुळे. गणपतीच्या गावची माणसं दुसरीकडे कुठे जाणार? गोव्याचं नाव एकदा निघालं होतं, पण ते कोणी काढलं हे बायकांनी विचारताच कोणीच काढलेलं नव्हतं.

कंडक्टरभाऊंचा मात्र तात्त्विक विरोध होता. आमचा चिंतामणी जमिनीखाली आहे. देवळात शिरलं की पायऱ्या उतरत खाली जावं लागतं, खाली कुंड आहे. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे आराधना केली, अशी कथा आहे. आणि काही वर्षांच्या अंतराने कुंडातलं पाणी आपणहून वर चढतं, मूर्तीच्या पायांना लागतं नि ओसरतं, अशी गावाची श्रद्धा आहे. “ज्या गावात पाणी सोता देवाकडे येते,” भाऊ म्हणाले, “त्या गावच्या माणसानं पाण्याकडे नऊशे किलोमीटर कायले जावं?” यावर गुरुजींनी तोड काढली. पुळ्यातही तेच आहे, समुद्र थेट देवळासमोर येतो. तेव्हा हे पाण्याकडे जाणं नव्हे, आपल्याच देवाच्या दुसऱ्या घरी जाणं आहे. भाऊंनी पिशवी भरायला घेतली.

आता म्हाताऱ्यांची सहल ठरवायची म्हणजे काय, हे तरुणांना कळत नाही. मुलाने खोल्यांचे फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत खिडकी, खिडकीत समुद्र, समुद्रात सूर्य. आमच्या मंडळाची यादी निराळी होती. खोली तळमजल्यावर हवी. संडास खुर्चीचा हवा, आणि पलंगापासून तिथवर जाताना मध्ये उंबरा नको. रात्रभर एक दिवा जळता हवा. चहा सहाला मिळावा, नाश्त्याबरोबर नव्हे. रात्रीचं जेवण आठच्या आत. औषधाचं दुकान चालण्याच्या अंतरावर. समुद्र सातव्या क्रमांकावर होता, आणि तोही ‘असल्यास बरे’ या सदरात.

प्रवासाचा हिशोब हा स्वतंत्र विषय. एसटीत पंचाहत्तरी गाठलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही. पासष्ट ते पंचाहत्तरच्या मधल्यांना अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. कॅशियरसाहेबांची पंचाहत्तरी भरायला थोडेच महिने उरले होते. तेवढ्यासाठी सहल पुढे ढकलावी, असं त्यांनी बँकेच्या भाषेत, मुदतपूर्तीचे फायदे सांगत सुचवलं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पण साठीनंतरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीनंतरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय उरली आहे, आणि या वयात वरच्या बर्थवर फुकट जाण्यापेक्षा खालच्या बर्थचे पूर्ण पैसे दिलेले परवडतात.

शिवाय आता आमच्याकडे रेल्वे आहे! वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची वाट पाहण्यात केस पांढरे झाले, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब गाडी सुरू झाली. देवळी, भिडी करत वर्ध्याला जायचं आणि तिथून कोकणची गाडी धरायची. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी वर्धा, बडनेरा करत पार रत्नागिरीत सोडते. सून म्हणाली, “बाबा, मोटारीने यवतमाळहून सरळ गेलात तर लवकर पोहोचाल.” पोहोचायची घाई असलेला माणूस निवृत्त कशाला होईल?

कोकणात उतरल्यावर पहिला धक्का समुद्राने नाही, घामाने दिला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, पण घाम जागच्या जागी सुकतो. इथे आकडा कमी नि घाम जास्त. सौभाग्यवतींनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “कूलर कुठी हाये?” वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून घर गार करणाऱ्या विदर्भाला हे पचायला जड जातं, की कूलर कोरड्या हवेत चालतो. ज्या हवेत आधीच पाणी भरलेलं आहे, तिच्यात तो नुसता आवाज करतो.

दुसरा धक्का ताटात होता. भाजीत नारळ, आमटीत नारळ, वरून सोलकढी, तिच्यातही नारळ. कंडक्टरभाऊंनी खिशातून तिखटाची बाटली काढली. तिच्याभोवती आसपासच्या टेबलांवरची नागपूर-अमरावतीकडची माणसं कशी गोळा झाली, ते पाहण्यासारखं होतं. उकडीच्या मोदकांपुढे मात्र बाटली खिशात गेली. तिथे वऱ्हाडाने विनाअट शरणागती पत्करली.

आणि मग समुद्र. इथे मंडळाचा खरा विजय झाला. बाकीचे पर्यटक भरती कधी, ओहोटी कधी म्हणून मोबाइलमध्ये शोधत होते. गुरुजींच्या पिशवीत पंचांग होतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे हाती येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून संध्याकाळी पाचसाडेपाचला पाणी दूर गेलेलं. चालायचं असेल तर ही वेळ गाठावी. ओहोटीत मागे राहिलेली ओली वाळू घट्ट असते, काठी रुतत नाही, गुडघा वळत नाही. कोरड्या वाळूत मात्र दहा पावलांत वय कळतं.

“म्हंजे रोज तीच वेळ नाई?” कंडक्टरभाऊंनी विचारलं.

“रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर,” गुरुजी म्हणाले.

भाऊ बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. आयुष्य डेपोत गेलेला माणूस. शेवटी म्हणाले, “लेट हाये. पण सांगून लेट हाये. असा डेपो पाह्यला नाई आपण.”

पाण्यात शिरायचा मोह मात्र आवरावा. पुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही. पायाखालून वाळू ओढणाऱ्या प्रवाहात इथे पट्टीच्या पोहणाऱ्यांचे जीव गेले आहेत, तसे सावध करणारे फलकही आहेत. आमच्या मंडळाने घोट्याची मर्यादा घालून घेतली आणि धोतर, लुगडी गुडघ्यापर्यंत वर धरून ती काटेकोर पाळली.

देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि मागचा डोंगरच गणपती मानतात. म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगराला. साधारण एक किलोमीटरची. तरुण ती वीस मिनिटांत उरकतात. आम्ही वाटेत जिथे जिथे बसायला जागा मिळाली तिथे तिथे बसलो. त्यामुळे आमच्या प्रदक्षिणेत दोन लग्नं जुळवण्याइतकी चर्चा झाली. जवळच मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. १८६६ साली तिथे जन्मलेला हा कवी चाळिशीही न गाठता गेला, हे वाचून मंडळ थोडा वेळ आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल कृतज्ञ झालं. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. कॅशियरसाहेब खिडक्यांतून समुद्राकडे बघत म्हणाले, “राहणं-खाणं सारं सरकारी खर्चानं!” वहिनी म्हणाल्या, “पण घरी जाऊ देत नव्हते ना.” फुकटच्या समुद्राची किंमत एवढी स्पष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

तेव्हा विदर्भातल्या माझ्या समवयस्कांना माझं सांगणं आहे. दिवाळीनंतर, फाल्गुनाच्या आत निघा. अंगारकी टाळा, देव गर्दीत आपल्याला ओळखत नाही. पंचांग घ्या, तिखट घ्या, गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा. आणि मुलांनो, सुनांनो, आईवडिलांसाठी खोली ठरवताना खिडकीतून समुद्र दिसतो का, हे विचारू नका. जिन्याला कठडा आहे का, संडासात धरायला दांडी आहे का आणि सहाला चहा मिळतो का, हे विचारा. समुद्र तर दिसेलच. एवढा मोठा आहे, जाणार कुठे?