कमिटीच्या मंजुरीतली गुढी

बंगळुरात नव्याने बस्तान बसवणाऱ्या मराठी माणसाला पाडव्याची सुट्टी आयतीच मिळते, कारण त्याच चैत्र शुद्ध प्रतिपदेला कन्नडिगांची उगादी असते. गुढी कुठे उभारायची, हे मात्र सोसायटीची कमिटी ठरवते. गॅलरीबाहेर काठी डोकावली की इमारतीची शोभा जाते म्हणे. एसीचे गंजके डबे शोभेतच धरलेले आहेत. मग वेळूच्या काठीऐवजी मॉपचा दांडा, त्यावर ठेवणीतला खण, उपडा तांब्या, आणि हा सगळा विजयध्वज दिवाणखान्यात, टीव्हीकडे तोंड करून. कडुनिंबाची डहाळी घेऊन आलेला डिलिव्हरीवाला दारातून डोकावतो आणि कळवळून सांगतो, “सर, बाहर धूप है.”

बाकी सण अगदी शांत. डोंबिवलीत १९९९पासून निघणाऱ्या शोभायात्रेला ‘केवढा तो गोंगाट’ म्हणून जो वर्षानुवर्षं नाकं मुरडायचा, तोच आता मोबाईलवर तिथले ढोल पूर्ण आवाजात लावून बसतो. शेजारच्या आजी बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, आणि होळिगे देऊन जातात. पहिल्याच घासाला हा जाहीर करतो, “ही तर आमची पुरणपोळी!” आणि वर तूप मागतो.

दुसऱ्या दिवशी होसतोडकु. उगादीनंतरच्या या सामिष मेजवानीसाठी मटणाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. कन्नड येत नसल्याची तक्रार करणारा आपला माणूस तिथे पुढच्या पाचांत उभा असतो. कमिटीची परवानगी त्यासाठी लागत नाही.