मजुरी सोडून

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात आणि मंगल कार्यालयांना भाडं तर बाराही महिने हवं असतं. या अडचणीतून मराठी मध्यमवर्गाला ‘भव्य प्रदर्शन व विक्री’ नावाचा सण मिळाला. पुण्यात कर्वे रस्त्यावर, मुंबईत दादर-पार्ल्याला, पलीकडे ठाणे-डोंबिवलीला, श्रावणापासून दिवाळीपर्यंत हॉल रिकामा मिळणं कठीण. एरवी जिथे अंतरपाट धरतात तिथे टेबलं मांडलेली असतात. भाजणी, परकर, उदबत्त्या, सेंद्रिय गूळ, गुडघेदुखीचं तेल, आणि दर चौथ्या टेबलावर हाताने घडवलेले दागिने. त्या चौथ्या टेबलामागे ज्या उभ्या असतात, त्या आमच्या स्टॉलताई.

स्टॉलताई ओळखायला सोप्या. अंगावर हातमागाची साडी, गळ्यात एकावर एक तीन माळा आणि दोन कानांत दोन वेगळी कानातली. गिऱ्हाईक उजवीकडून आलं तर त्याला खण दिसतो, डावीकडून आलं तर टेराकोटा. पर्सला पक्कड लटकलेली असते. समोरच्या बाईशी बोलताना त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर नसते, कानाच्या पाळीवर असते. नातेवाइकांच्या लग्नात त्या नवरा-नवरीला भेटण्याआधी नवरीच्या बुगडीचा मागचा भाग पाहून येतात. “हुक साधा लावलाय,” एवढं म्हणून मग अक्षता टाकायला जातात.

सुरुवात क्विलिंगने झाली. मुलगा इंजिनिअरिंगला गेला, दुपार मोकळी झाली, आणि कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून झुमके होतात हे त्यांना कुणीतरी दाखवलं. झुमके झालेही. “पावसात भिजले तर?” या प्रश्नाने ते संपले. मग टेराकोटा आला. माती मळायची, आकार द्यायचा, सावलीत वाळवायचा आणि भाजायचा. भाजण्यासाठी ताईंनी कुंडीत भुसा भरून इमारतीच्या गच्चीवर भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की, गच्चीवर ‘धार्मिक अथवा अन्य कारणासाठी’ धूर करू नये. त्यानंतर रेशमी धाग्याच्या बांगड्या, त्यानंतर रेझिनमध्ये बुडवलेली फुलं, त्यानंतर खण. गुळेदगुड्डचा चोळीचा खण घ्यायचा, पुठ्ठ्यावर ताणून चिकटवायचा, कडेला मोती लावायचे. एका मीटरमध्ये इतकी कानातली बसतात की सोसायटीतल्या सगळ्या बायकांना देऊनही उरावीत. दिली, आणि उरलीही. प्रत्येक लाट ओसरल्यावर राहिलेला माल दिवाणात जातो. पाहुणा मुक्कामाला आला तर त्याला अंथरूण मिळायला अर्धा तास लागतो, कारण गाद्या क्विलिंगच्या खाली आहेत.

ताईंचं कॅलेंडर वेगळं. त्यात श्रावण म्हणजे मंगळागौर, म्हणजे नथी आणि खोप्याच्या पिना. भाद्रपद म्हणजे गौरी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींना सगळं सारखं लागतं. एकीचा बाजूबंद मण्याने मोठा झाला तर घरातल्या सासवा-सुना तो मणी मोजतात. तरी ताईंना गौरी फार प्रिय. कान दुखत नाहीत असं तेवढं एकच गिऱ्हाईक. नवरात्र म्हणजे नऊ रंग. वर्तमानपत्रात यादी आली की ताई नऊ डबे काढतात. लाल-पिवळा आरामात जातो. राखाडी कुणाकडेच नसतो म्हणून तो सगळ्यांना हवा असतो, आणि तोही आदल्या रात्री साडेनऊला, फोनवर, “सकाळी आठपर्यंत द्याल ना?” अशा आवाजात.

पौष लागला की हलव्याचे दागिने. तिळावर, साबुदाण्यावर मंद आचेवर थोडा थोडा पाक सोडत, हाताने फिरवत काटेरी हलवा करणं हे ज्यांचं काम आहे त्या करतात. ताई तो आणून ओवतात आणि चिकटवतात. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर हार, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. जावयाला हार आणि नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला बासरी. हवा ढगाळ झाली की ताईंचा चेहराही तसाच होतो, कारण दमट हवेत साखरेला पाणी सुटतं. मुंग्यांचा बंदोबस्त वेगळा. संक्रांतीच्या आठवड्यात घरातला पंखा, खिडकी आणि यजमानांची खोकण्याची दिशा, तिन्ही गोष्टी ताईंच्या परवानगीने चालतात. रथसप्तमी झाली की उरलेला हार कुणी विकत घेत नाही. भाड्याने मात्र पुढच्या वर्षीही जातो.

खरेदीला निघालेल्या ताई मात्र निराळ्या. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला. कानातल्याचे हुक तिथे ग्रॉसवर मिळतात. एक ग्रॉस म्हणजे 144 नग, म्हणजे 72 जोड. ताई दुकानातच पाकीट उघडून मोजतात. एकदा 143 निघाले. तो एक हुक मिळवण्यासाठी ताई त्या दुकानात पाऊण तास थांबल्या. मोत्यांची लडी उजेडात धरून एकेक मोती पाहतात, रुपयावर घासाघीस करतात, जाते म्हणून पायरी उतरतात आणि हाक येईपर्यंत इतक्या हळू चालतात की हाक यावीच लागते. दुकानदार मुलाला सांगतो, “या बाईंना आधी चहा दे, मग भाव सांग.”

आणि याच ताई हॉलमधल्या टेबलामागे उभ्या राहिल्या की लोण्यासारख्या मऊ होतात.

टेबल सहा बाय अडीच. लाइटचा पॉइंट घेतला तर पैसे वेगळे. दाराजवळची जागा आयोजकांच्या मावसबहिणीला मिळालेली असते, खाण्याच्या स्टॉलशेजारची कुणालाच नको असते, कारण साबुदाणावड्याचं तेल लागलेली बोटं आधी खणावर पुसली जातात. ताईंना खांबामागची मिळते. टेबलावर आरसा ठेवावाच लागतो. त्याच्यामुळे स्टॉलवर दिवसभर गर्दी असते. बायका येतात, केस सारखे करतात, टिकली मधोमध आहे ना पाहतात आणि पुढे जातात.

ज्या थांबतात त्यांचे प्रश्न ठरलेले.

“हलकं आहे ना?”

हातात घेऊन विचारतात. वजन हातात असताना विचारतात.

“काळं पडणार नाही ना?”

“घाम, अत्तर आणि पाणी लागू देऊ नका,” ताई म्हणतात. म्हणजे घालू नका, असा अर्थ गिऱ्हाईक काढतं.

“हे चांदीचं आहे?”

“जर्मन सिल्व्हर आहे,” इथे थांबायला हवं. पण ताईंना खरं बोलण्याची खोड आहे. “म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी अजिबात नाही. तुमच्या कानाला निकेल चालतं ना? काहींना पुरळ येतं.” गिऱ्हाईक स्वतःचे दोन्ही कान झाकून भाजणीकडे वळतं.

एक बाई सगळं नीट पाहून, मनापासून स्तुती करून, फोटो काढतात. “मुलीला दाखवते.” मुलगी बोस्टनला असते. ती काय म्हणाली ते कधीच कळत नाही. दुसऱ्या म्हणतात, “हे तुळशीबागेत पन्नासला मिळतं.” तिसऱ्या म्हणतात, “अगदी असंच, पण निळ्यात.” निळ्यात दाखवलं की, “अगदी असंच, पण थोडं मोठं.” चौथ्या नात्यातल्या. त्या टेबलाच्या आतल्या बाजूला येऊन बसतात, ताईंचा डबा खातात, तीन जोड निवडतात आणि म्हणतात, “आता तुझ्याकडे काय भाव करायचा!” भाव करत नाहीत हे खरं. पैसेही देत नाहीत.

आणि एखादी कॉलेजातली मुलगी येते, मुठीतून एकच कानातलं काढते. “काकू, गेल्या वर्षी तुमच्याकडून घेतलेलं. एक बसमध्ये पडलं. एकच मिळेल?” ताई चष्मा लावतात, पक्कड काढतात, तिथेच तस्संच दुसरं जोडून देतात. पैसे विचारले की म्हणतात, “अगं, त्यात काय! हातासरशी झालं.”

हे वाक्य शेजारच्या खुर्चीवर बसलेले यजमान ऐकतात आणि वहीत काहीतरी लिहितात.

यजमान बँकेतून निवृत्त झालेले. स्टॉलवर त्यांची कामं तीन: दिव्याची वायर धरणे, सुटे देणे आणि गप्प बसणे. पेमेंटचा छोटा स्पीकर त्यांच्या ताब्यात असतो. तळघरातल्या हॉलमध्ये त्याला रेंज नसते, म्हणून गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की यजमान तो हातात घेऊन जिना चढतात आणि वरून ओरडतात, “आले!”

त्यांनी एकदा रात्री ताईंना हिशोब दाखवला. एका जोडाला सामान, कार्ड आणि पिशवी धरून 30 रुपये. विक्री 150. उरले 120. तीन दिवसांचं भाडं 9,000. म्हणजे पहिले 75 जोड आयोजकांचे. रोज दहा तास स्टॉल धरला तर दर चोविसाव्या मिनिटाला एक जोड विकला जायला हवा, तेव्हा कुठे भाडं सुटणार. एका जोडाला पाऊण तास लागतो, म्हणजे हे 75 जोड करायला सव्वाछप्पन्न तास गेलेले. वहीत ‘मजुरी’ नावाचा रकाना होता. तो रिकामा.

“इथे काय लिहू?” यजमानांनी विचारलं.

“काही नाही. घरचीच तर मेहनत. तिचं काय धरायचं?”

“त्या एका हुकासाठी पाऊण तास थांबली होतीस.”

“ते पैशाचं होतं,” ताई म्हणाल्या आणि दिवा मालवला.

खरं तर प्रदर्शनात पैसा फिरतो तो वेगळ्याच वाटेने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरली की स्टॉलवाल्या एकमेकींच्या स्टॉलवर जातात. ताई भाजणी घेतात, भाजणीवाल्या परकर घेतात, परकरवाल्या तेल घेतात, तेलवाल्या ताईंकडून झुमके घेतात. सगळ्यांची विक्री होते, सगळ्यांना बरं वाटतं. हॉलच्या बाहेर पैसे घेऊन जातात ते फक्त आयोजक.

ताईंना पहिला खरा नफा झाला तो न घेणाऱ्या बायकांमुळे. “हे तर घरी करता येईल,” असं म्हणून पुढे जाणाऱ्या बायका प्रत्येक प्रदर्शनात असतात. एके दिवशी ताई वैतागून म्हणाल्या, “मग या ना घरी, शिकवते.” तर बारा जणी आल्या. सामानासह माणशी 800 रुपये. एका दुपारी 9,600 जमले. बाराजणींच्या बोटांना डिंक, आठजणींच्या साड्यांनाही. अकराजणींनी एकेक जोड कसाबसा पुरा केला आणि जाताना कबूल केलं, “ताई, तुमचे दीडशे म्हणजे काहीच नाहीत हो.” ताईंना हे फार गोड लागलं. बारावी काही बोलली नाही. ती जोड करतच राहिली.

पुढच्या वर्षी खांबासमोर तिचा स्टॉल होता. तोच खण, तोच त्रिकोण, कडेला तसेच मोती. भाव शंभर.

दुपारपर्यंत ताईंनी “समोर शंभरला आहे” हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की भाजणीवाल्या बाईंनी सरकून जवळ बसायला सुरुवात केली. भांडण झालं तर नीट ऐकू यावं. तीनच्या सुमारास ताई उठल्या, गल्ला यजमानांकडे सरकवला आणि समोर गेल्या.

“जोडाला किती वेळ लागतो गं?”

“तास तरी लागतो, ताई.”

“आणि शंभरला विकतेस? मजुरी किती धरलीस?”

“मजुरी?” ती हसली. “घरचीच तर मेहनत, ताई. तिचं काय धरायचं?”

ताई तिथल्याच स्टुलावर बसल्या. मग त्यांनी तिला असं काही झापलं की परकरवालीनेही वही काढली. सामानाचे तीस, भाड्याचे पंचाहत्तर जोड, चोविसावं मिनिट, सव्वाछप्पन्न तास. एकेक आकडा घडाघडा, जणू त्या हे वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर यजमान ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. वरिष्ठांनी आपली टिपणं स्वतःच्या नावाने वाचून दाखवण्याची सवय त्यांना बँकेत लागलेली होती.

चारला दोन्ही टेबलांवर नव्या पाट्या लागल्या. 180. सव्वाचारला तुळशीबागवाल्या बाई आल्या.

“अहो, हे तर तुळशीबागेत पन्नासला मिळतं.”

“मग तिथूनच घ्या,” दोन्ही टेबलांवरून एकदम उत्तर आलं.

बाई चपापल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि जोड उजेडात धरून म्हणाल्या, “निळ्यात आहे का?” होता. यजमान स्पीकर घेऊन जिना चढले.

त्या रात्री वही उघडून त्यांनी रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं. “काय लिहू?”

“जोडामागे पन्नास,” ताई माळा उतरवत म्हणाल्या. “आणि फुकट नाही काही, नीट शाईने लिहा.”

यजमानांनी लिहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “मीही तीन दिवस बसलो होतो. वायर, सुटे, जिना. माझे काही धरायचे का?”

“तुमचे?” ताईंनी आश्चर्याने मान वळवली. “अहो, घरचीच तर मेहनत!”